चार्टात नसलेला रंग

"शनिवारपर्यंत पद्धत ठरवा, मॅडम," असं हर्ष म्हणाला तेव्हा अक्षता खरातच्या हातातला चहा निम्माच झाला होता. उरलेला तिने प्यायलाच नाही.

पद्धत हा शब्द हर्षच्या तोंडात दोन वर्षांपासून बसला होता. जुन्या जालन्यात त्याच्या वडिलांची, गोपीकिशनजींची, बियाण्याची पेढी. मुलगा पुण्याला व्यवस्थापन शिकून आला, त्याने पेढीची कंपनी केली, माडीवर काचेचं ऑफिस थाटलं आणि जिकडे तिकडे पद्धत शोधायला लागला. गोपीकिशनजी अजून खाली गादीवरच बसत, आणि बियाण्याच्या धंद्यासाठी माडी कशाला चढायची हे त्यांना कधीच पटलं नव्हतं. अक्षता मात्र वर बसायची. ती कंपनीची प्रोजेक्ट मॅनेजर होती. मिरचीच्या संकरित बियाण्याचा हंगाम ठरल्या दिवशी सुरू करून ठरल्या दिवशी संपवायचा, ही तिची जबाबदारी.

टेबलावर दोन कागद होते. एक तिचाच मागच्या वर्षीचा चार्ट. पंचेचाळीस दिवस, तीन शेड, प्रत्येक शेडमधली प्रत्येक ओळ. कोणत्या दिवशी कोणती ओळ संपायची ते आधीच आखलेलं. दुसऱ्या कागदावर हर्षने कुठल्याशा व्हिडिओत पाहून काढलेली पाटी होती. तिला तीन रकाने, करायचं, चालू आणि झालं. कामाची एकेक चिठ्ठी या रकान्यातून त्या रकान्यात सरकवत न्यायची, पुढचं फार बोलायचं नाही, आज जमेल तेवढं आज ठरवायचं.

"मला तर चार्टच बराबर वाटतो," हर्ष म्हणाला. "मागच्या साली अठ्ठ्याण्णव टक्के काम टाइमात झालं. आता चाळीस प्लॉटवर एकच पद्धत लावायची आहे, म्हणून खात्री पाहिजे. तुम्ही वाटूरच्या प्लॉटवर पाच दिवस दोन्ही चालवून बघा. एक नंबरच्या शेडला चार्ट, दोन नंबरला पाटी. शनिवारी मी येतो, तिथंच फायनल करू."

"आणि तीन नंबर?"

"राहू द्या बंद. तिथली फुलं तशीही लेट आहेत. आणि बायका आत जायला बघत नाहीत म्हणे." एवढं बोलून त्याने मोबाइल उचलला.

तीन नंबरच्या शेडमध्ये मागच्या दसऱ्यानंतर तुळजाबाई वारली होती. वारली म्हणजे आत नाही. संध्याकाळी आतून बाहेर आली, बांधावर बसली, तोंडाला फेस आला आणि जालन्याच्या वाटेवर रिक्षात गेली. दवाखान्याने हृदयविकार लिहिला. वय अठ्ठावन्न. गावाने मान डोलावली, कंपनीने घरी जाऊन पाकीट दिलं, आणि दोन दिवसांनी चार्ट पुन्हा जिथल्या तिथे चालू झाला.

एक गोष्ट मात्र अक्षताने गावाला सांगितली नव्हती, हर्षलाही नव्हती. त्या मंगळवारी सकाळी फवारणीवाल्या भुजंगचा अक्षताला फोन आला होता. काल वारं सुटल्याने तीन नंबरचा फवारा राहिला होता, तो आज पहाटे मारला; चार्टात आज तीन नंबरच आहे, तर बायांना उद्या घालायचं का? फवाऱ्यानंतर चोवीस तास कोणी आत जायचं नाही हा नियम अक्षतानेच दारावर लावलेला होता. पण एक दिवस सरकला की पुढचे सगळे कप्पे सरकणार होते, आणि नोकरीतला तिचा तो पहिलाच हंगाम होता. ती म्हणाली, "अर्धा तास जाळ्या वर करा, हवा खेळू द्या, आणि चार्टप्रमाणे चालू द्या."

एवढंच. दोन वाक्यंसुद्धा नाहीत. त्यानंतर वर्षभर तिने स्वतःला एकच हिशोब पुन्हा पुन्हा सांगितला होता. त्या दिवशी तीन नंबरमध्ये बारा बायका होत्या. अकराजणींना काही झालं नाही. औषध चढलं असतं तर सगळ्यांना चढलं असतं, म्हणजे हृदयच. या हिशोबावर तिला झोप लागायची. कधी कधी लागायची नाही.

सोमवारी ती आष्टीच्या घरून स्कूटीवर वाटूरच्या प्लॉटवर गेली. उन्हं कोवळी होती आणि हिरव्या जाळीच्या आत सगळ्यांचे चेहरे हिरवट दिसत होते. तुळजाबाईची मुलगी बेबीनंदा आता बायांची मुकादम होती. आईसारखीच उंच, आईसारखीच कमी बोलणारी. तिने बायांना दोन शेडमध्ये वाटून दिलं आणि डब्यातून दोरे काढले.

या कामात दोऱ्याला फार किंमत. मिरचीची कळी उमलायच्या आत चिमट्याने सोलायची, आतले पुंकेसर काढायचे आणि नराच्या फुलाची पावडर तिच्या टोकाला लावायची. मग देठाला दोरा बांधायचा, म्हणजे ही मिरची बियाण्याची, बाकीच्या भाजीच्या. दर दिवसाचा दोरा वेगळा. सोमवारचा निळा, मंगळवारचा पिवळा, असं करत आठवडा संपायचा. हिरवा नाही, कारण हिरव्या झाडावर हिरवा दोरा बांधून तो शोधत बसण्याइतका वेळ कोणालाच नसतो. लालही नाही. लाल रंग अक्षताने चार्टासाठी राखून ठेवला होता. वाटूर फाट्यावर वाढदिवसाचे बोर्ड छापणाऱ्या दुकानातून तिने चार्टचं दहा फुटी फ्लेक्स करून आणलं होतं, आणि जी ओळ ठरल्या दिवशी संपली नाही तिच्या कप्प्यावर ती लाल चिकटपट्टी लावायची. अख्ख्या मागच्या हंगामात दोनच लाल पट्ट्या लागल्या होत्या.

पांढरा दोरा मात्र तिने बंद केला होता. तो तुळजाबाईचा दोरा. कळी कच्ची असली की तुळजाबाई तिला पांढरा दोरा बांधून पुढे जायची. त्याचा अर्थ, थांब, हिच्याकडे उद्या या. तीस वर्षं ती असंच करत आली होती. पण चार्टात संपलेल्या ओळीत पुन्हा जायची सोय नव्हती. अक्षताने तिला समजावलं होतं, "मावशी, पांढरा चार्टात बसत नाही." तुळजाबाईने पांढऱ्या सुताचं बंडल मुकाट्याने तिच्या हातात ठेवलं होतं.

दोन्ही शेडचं काम लागल्यावर अक्षताने किल्ली घेतली आणि तीन नंबरचं कुलूप काढलं. फुलं किती आलीत ते पाहून लगेच निघायचं, असं तिने ठरवलं होतं. आत वारा नव्हता. चौथ्या ओळीच्या पहिल्याच झाडाला, तिच्या नजरेसमोर, पांढरा दोरा बांधलेला होता. नवा, स्वच्छ, गाठीचं टोक तिरकं कापलेलं.

तिने तो काढून खिशात टाकला आणि बाहेर आली.

"बेबीनंदा, तीन नंबरात कोण गेलं होतं?"

"कोन जाईन? किल्ली तुमच्यापाशीच हाय ना."

"पांढरा दोरा होता आत."

बेबीनंदाने हातातली कळी पूर्ण सोलली, पावडर लावली, निळा दोरा बांधला, आणि मग मान वर केली. "पांढरा तर तुम्हीच बंद केल्ता, ताई."

मंगळवारी चौथ्या ओळीत नऊ दोरे होते. बुधवारी सगळी ओळ. कुलूप जसंच्या तसं, जाळी कुठे फाटलेली नाही, मातीवर पावलं नाहीत. अक्षता एकेक दोरा काढत गेली आणि काढता काढता तिच्या लक्षात आलं, ज्या कळीला दोरा आहे ती खरंच कच्ची आहे. एकही चुकलेली नाही. इतकी अचूक नजर या तालुक्यात एकाच बाईची होती.

संध्याकाळी आष्टीला जेवताना तिने वडिलांना विचारलं. अप्पाराव निवृत्त शिक्षक. घरात एकही पूजा नाही, एकही अंगारा नाही, आणि त्याचा त्यांना उभा अभिमान.

"आबा, गेलेलं माणूस काही सांगायला येतं, असं तुमच्या ऐकण्यात आलं का कधी?"

अप्पारावांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तुझ्या आज्यानं छप्पन सालच्या दीक्षेनंतर बावीस प्रतिज्ञा पाठ केल्त्या. मह्याकडून करून घेतल्या, म्या तुह्याकडून. आणि तू मला भुताचं विचारून राह्यलीस?"

"सहज विचारलं."

"सहज कोनी विचारत न्हाई." ते तिच्याकडे पाहत राहिले. "भूत नसतंय, पोरी. माणसानं केलेलं असतंय नाही तर करायचं राहिलेलं असतंय. काय झालंय?"

"काही नाही," ती म्हणाली. तिला रडू आलं होतं, ते तिने वरणाबरोबर गिळलं. ज्या माणसाने तिला खोटं बोलू नको एवढंच आयुष्यभर शिकवलं, त्याच्यासमोर बसून ती वर्षभर गप्प राहिली होती.

गुरुवारी कामाचा रंगच पालटला. एक नंबरात, म्हणजे जिथे चार्ट चालू होता तिथे, त्या दिवशी संपवायच्या तीन ओळींत सकाळीच पांढरे दोरे सापडले. बायकांनी ते पाहिले आणि कोणी काही न सांगता चिमटे खाली ठेवले. कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. एक म्हातारी तेवढं म्हणाली, "तुळजाबाई म्हणती थांबा, मंग थांबा की."

दोन नंबरात एकही दोरा नव्हता. तिथे बायका पाटीवरच्या चिठ्ठ्या सरकवत होत्या, अर्थात त्यातही गंमतच होती. वाचता येणाऱ्या तिघीच, त्यामुळे चिठ्ठी सरकवायला बाई ओळ सोडून पाटीपर्यंत यायची, तिथे उभी राहायची, दुसरी येऊन वाचून दाखवायची, आणि तोवर कळी उन्हाने उघडायची. हर्षच्या व्हिडिओत बहुतेक उन्हं नसावीत. पण पाटीला एक गुण होता. एखादी ओळ झाली नाही तर ती लाल होत नव्हती, नुसती मधल्या रकान्यात राहत होती.

अक्षताला वाटलं, ठरलंच मग. पाटी घेऊ, बायकांसाठी चिठ्ठ्यांऐवजी रंगीत पत्र्याच्या चकत्या करू आणि यातून सुटू. तिने वहीत तसं लिहिलंही. लिहिलं आणि मनातून तिला कळलं की आपण पद्धत निवडत नाही आहोत, पळवाट निवडतो आहोत. भुजंगचा फोन पाटी असती तरी आलाच असता. त्याने विचारलंच असतं, आणि जालन्यात पंख्याखाली बसून तिने उत्तर दिलंच असतं. त्या उत्तरासाठी ना चार्टात कप्पा होता, ना पाटीवर रकाना.

शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुटीत, ती तीन नंबरात गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. बायका बाहेर लिंबाखाली डबे उघडून बसल्या होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ती चौथ्या ओळीच्या तोंडाशी उभी राहिली.

ओळीच्या मध्यावर एका झाडाची फांदी हलली. मग थांबली. चिमटा मिटल्याचा बारीक आवाज झाला. थोड्या वेळाने पुढच्या झाडाची फांदी हलली.

अक्षताने मोबाइलवर वेळ पाहिली. मागच्या वर्षी चार्ट आखताना ती दोन दिवस तुळजाबाईच्या मागे मोबाइल घेऊन उभी राहिली होती, एका झाडाला किती वेळ लागतो ते मोजायला. सगळा चार्ट त्या एका बाईच्या हातावर उभा होता. एका झाडाला दोन मिनिटं आणि दहा सेकंद. तिने मोजलं. फांदी थांबली, चिमटा वाजला, आणि पुढची फांदी बरोबर दोन मिनिटं दहा सेकंदांनी हलली. मग त्याच्या पुढची. कोणीतरी तिच्याकडे येत होतं, आणि घाईत नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली. तिच्यापासून तीन झाडं उरली. दोन. औषधाचा उग्र वास आला, या वर्षी या शेडमध्ये एकदाही फवारा झालेला नसताना. नाकातोंडात तो वास भरला आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

तेवढ्यात खिशात नाही, हातातच, मोबाइल वाजला. भुजंग होता.

"मॅडम, काल लाइट गेल्ती, पंप चालला न्हाई. एक नंबरचा फवारा आत्ता जेवायच्या सुटीत मारला. चार्टात उद्या सकाळी एक नंबर हाय. चोवीस तास भरत न्हाईत. काय करू?"

तोच प्रश्न. शब्दसुद्धा फारसे वेगळे नव्हते. अक्षताने समोर पाहिलं. तिच्यासमोरच्या झाडाची फांदी थरथरत होती, जशी कोणी हात थांबवून ऐकत असावं.

"उद्या कोणी आत जायचं नाही," ती म्हणाली. "आजही दुपारून नाही. दाराला दोरी बांधा."

फांदी स्थिर झाली. वास गेला. ती बाहेर आली तेव्हा उजव्या हाताच्या करंगळीला पांढरा दोरा होता, गाठीचं टोक तिरकं कापलेलं. तो तिने काढला नाही. बायकांमध्ये जाऊन बसली, आणि बेबीनंदाने न विचारता तिच्यापुढे अर्धी भाकरी सरकवली.

शनिवारी दहाच्या सुमाराला हर्षची गाडी आली. तो उतरला, फ्लेक्ससमोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. एक नंबरचे आठ कप्पे लाल होते.

"हे काय मॅडम? पाच दिवसांत आठ? बाया बाहेर का बसल्यात?"

"काल दुपारी फवारा झाला. चोवीस तास आत जाता येत नाही."

"फवारा तर मागच्या सालीही मागंपुढं झाला असेल. शेती आहे, वारा आहे, लाइट आहे. तेव्हा दोनच लाल लागले. तेव्हा कसं जमवलं?" तो रागावला नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तेच तर मला चाळीस प्लॉटवर पाहिजे ना. तेव्हा तुम्ही जे केलं, ते सांगा."

बायका लिंबाखाली होत्या. भुजंग पंपाजवळ उभा होता, त्याने मान खाली घातली. बेबीनंदा दारात दोरीपाशी. सगळे ऐकत होते. अक्षताला वाटलं, इथून नीट बाहेर पडायला अजून एक वाक्य पुरेल; वारा बरा होता मागच्या वर्षी, असं म्हटलं की झालं. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंसुद्धा.

"मागच्या वर्षी फवाऱ्यानंतर दोन तासांत बायकांना आत घातलं," ती म्हणाली. "तीन नंबरात. भुजंगभाऊंनी फोन करून विचारलं होतं. मी म्हटलं, चार्टप्रमाणे चालू द्या. त्याच दिवशी तुळजामावशी गेल्या."

हर्षने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "मॅडम, हे आपण ऑफिसात बोलू. इथं जल्दी काय आहे? दवाखान्यानं तर हार्ट लिहिलं होतं."

"वर्षभर तेच धरून बसले होते मी. बारा जणी आत होत्या, अकराजणींना काही झालं नाही, मग औषध कसं, असं स्वतःला सांगत होते. पण मी जे सांगितलं ते सांगितलंच. ते चार्टात कुठंच दिसत नाही म्हणून तुम्हाला चार्ट चांगला वाटतो." ती फ्लेक्सकडे पाठ करून उभी राहिली. "तुम्हाला पद्धत पाहिजे ना? मला फोन येणार नाही अशी पद्धत पाहिजे. आत जायचं की नाही हे शेडच्या दारात जी उभी आहे तिने ठरवायचं. बेबीनंदाने. मग चार्ट ठेवा, पाटी ठेवा, काहीही ठेवा. आणि मागच्या वर्षीचं मी लिहून देते. पुढे काय करायचं ते कंपनी ठरवेल, मावशीच्या घरचे ठरवतील."

हर्षने मोबाइल काढला, पाहिला, परत ठेवला. श्रीमंत घरात वाढलेल्या माणसाला अशा वेळी हात कुठे ठेवावे ते कळत नाही, तसं त्याचं झालं होतं.

अक्षता बेबीनंदाकडे वळली. शिवी येईल, हात उठेल, काहीही आलं तरी घ्यायचं, अशी ती उभी राहिली. "बेबीनंदा, मी तुझ्या आईला..."

"मला ठाव हाय, ताई."

"काय?"

"भुजंगभाऊचे हात औषधाचे होते. त्यानं फोन स्पीकरवर टाकल्ता. माय शेजारीच उभी होती, मी बी होते. समदं ऐकलं आमी." बेबीनंदाचा स्वर नेहमीसारखाच सपाट होता. "आणि अकराजणी आत गेल्याच न्हाईत."

अक्षताला ते नीट कळलं नाही. "हजेरीत बारा होत्या."

"हजेरी बांधावर घेतल्ती. मंग मायनं समद्यांना दोन नंबरात धाडलं. म्हणली, तिकडचं उरका, इथलं म्या पाहते. म्या हात धरला तर झिडकारला तिनं. दिवसभर एकलीच होती आत. चार ओळी एकलीनं ओढल्या, पानी प्यायला बी आली न्हाई."

"पण का?" अक्षता ओरडलीच. "तिला वास कळत होता. तीस वर्षं हेच काम केलेलं. नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं?"

"तुमचा चार्ट लाल झाला असता ना." बेबीनंदाने पदराने तोंड पुसलं. "आमाला म्हणली, आपल्यातली पयली पोरगी साहेब होऊन आली, सेठच्या माडीवर बसती. पयल्याच सालाला तिच्या कामाला बट्टा लागू द्यायचा न्हाई. तुम्ही आता म्हणून राह्यल्या, दारातलीनं ठरवायचं. बराबर हाय. पर मायच्या हातात ठरवणं असतं, तरी ती गेलीच असती."

पंपाजवळ भुजंग खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"वर्षभर तू मला एका शब्दानं बोलली नाहीस," अक्षता म्हणाली.

"रिक्षात थोडं बोलता येत होतं तिला. वाटूर सोडल्यावर म्हणली, अक्षताला कळू देऊ नको, नोकरी सोडून देईन ती. मंग म्या कशी सांगू? आज तुम्ही आपल्या तोंडानं बोलल्या, म्हणून बोलले."

अक्षताने हात पुढे केला, पण कशाला धरावं ते तिला सुचेना. हर्ष गाडीकडे दोन पावलं गेला आणि तिथेच उभा राहिला. बेबीनंदाने दाराची दोरी ओढून आणखी एक गाठ मारली आणि बायकांना हाक दिली, आज कोणी आत जायचं नाही, डबे उचला आणि घरी चला.